जुनी कॅराव्हॅन घेताना: आधी ओल, मग सोफा

इंग्लंडमधल्या ओळखीच्या सात-आठ मराठी कुटुंबांबरोबर मी आजवर जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेलो आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी तेच घडतं. दार उघडलं की मुलं बंक बेडवर चढतात, वहिनी गॅसची शेगडी आणि कपाटं बघतात, दादा सोफ्यावर बसून "वा, ऐसपैस आहे" म्हणतात आणि विक्रेता किटली चढवतो. चहा संपेपर्यंत मनात सौदा झालेला असतो. गाडीखाली वाकून कुणी बघितलेलं नसतं, आणि कोपऱ्यातल्या भिंतीला बोटही लावलेलं नसतं.

बघायच्या गोष्टी बहुतेकांना माहीत असतात. चुकतो तो क्रम. सोफ्याचं कापड कधीही बदलता येतं. कुजलेली भिंत, बसलेला ऍक्सल किंवा दुसऱ्याच्या कर्जात अडकलेली कॅराव्हॅन मात्र स्वस्तातली खरेदी महाग करून जाते. म्हणून जे सर्वांत महाग पडतं ते आधी बघायचं आणि जे डोळ्यांत भरतं ते शेवटी.

हे सगळं ब्रिटनमधल्या, मोटारीमागे ओढायच्या, साधारण १९९५ ते २०१० च्या दरम्यानच्या कॅराव्हॅनबद्दल आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षी एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना याची तपासणी, लागते, ओढायच्या कॅराव्हॅनला लागत नाही. समोरच्या कॅराव्हॅनचे ब्रेक दहा वर्षांत कुणीच तपासलेले नसणं सहज शक्य आहे, आणि त्यात बेकायदा काही नाही.

टप्पा १: कॅराव्हॅनच्या आधी स्वतःची मोटार बघा

हे काम घरी बसून, जाहिराती चाळायच्या आधी करायचं.

मोटारीचं नोंदणीपत्र, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी, काढा. त्यात ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येतो तो आकडा असतो. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर ती मोटार ओढण्यासाठी मंजूर नाही असं धरून उत्पादकाकडे चौकशी करा. बऱ्याच लहान हायब्रिड आणि इलेक्ट्रिक मोटारी इथेच बाद होतात.

मग मोटारीचं स्वतःचं वजन बघा. पहिल्यांदा ओढणाऱ्याने पूर्ण भरलेल्या कॅराव्हॅनचं कमाल वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असा इथला जुना सल्ला आहे. मोटार १५०० किलोची असेल तर १२७५ किलो. हा कायदा नाही, पण एम-सिक्स मोटरवेवर शेजारून ट्रक गेला की त्याचा अर्थ कळतो.

कॅराव्हॅनचं हे कमाल वजन दाराजवळच्या पट्टीवर एमटीपीएलएम या नावाने लिहिलेलं असतं. रिकाम्या कॅराव्हॅनचं वजन त्यातून वजा केलं की उरतो तो तुमच्या सामानाचा वाटा. जुन्या कॅराव्हॅनमध्ये तो अनेकदा जेमतेम दीडशे किलो असतो. आधीच्या मालकाने मोटर मूव्हर (कॅराव्हॅन जागेवर सरकवणारी मोटर) बसवला असेल तर तीस-पस्तीस किलो तिथेच गेले. ऑनिंग (बाजूला लावायचा तंबू), बॅटरी आणि गॅसची टाकी धरा, मग तांदळाची पिशवी आणि प्रेशर कुकर.

लायसन्सची काळजी आता कमी झाली आहे. भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून बारा महिनेच चालवता येतं, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांनी १९९७ नंतर इथली परीक्षा दिलेली असते. पूर्वी अशांना मोठ्या कॅराव्हॅनसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती अट गेली. मोटारीच्या पूर्ण लायसन्सवर आता ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

*थांबा:* कॅराव्हॅन उभी कुठे करणार? अनेक नव्या वसाहतींमध्ये घराच्या करारातच दारासमोर कॅराव्हॅन ठेवायला मनाई असते. करार वाचा, नाहीतर दर महिन्याचं भाडं हिशेबात धरा.

टप्पा २: फोनवरच अर्धी चाळणी

प्रत्यक्ष जाण्याआधी पाच प्रश्न विचारा. हिवाळ्यात ती कुठे उभी होती? शेवटची सर्व्हिस कधी झाली, आणि तिचा कागद आहे का? क्रिसचं, म्हणजे कॅराव्हॅनच्या नोंदणीचं, कागदपत्र तुमच्या नावावर आहे का? ओल मोजलेली आहे का, आणि आकडे लिहून ठेवलेत का? बघायला तुमच्या घरीच यायचं ना?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. "सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटू" किंवा "मी परदेशात आहे, आधी थोडी अनामत पाठवा" असं उत्तर आलं तर विषय तिथेच संपवा.

विक्रेत्याला दोन विनंत्या करा. तुम्ही पोहोचायच्या चार-पाच तास आधी फ्रिज गॅसवर चालू करून ठेवायचा, कारण हा फ्रिज घरच्यासारखा लगेच थंड होत नाही. आणि हीटर अजिबात लावायचा नाही. दिवसभर हीटर चालवलेल्या कॅराव्हॅनमध्ये कुबट वास दबून जातो.

दिवस निवडताना आपण ऊन बघतो. इथे उलट करा. रात्री पाऊस पडून गेलेली सकाळ सर्वांत चांगली. पाऊस पडत असेल तर त्याहून उत्तम.

टप्पा ३: पिशवीत काय न्यायचं

टॉर्च, ओल मोजायचा दोन टोच्यांचा मीटर, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, छोटी शिडी, टायरची हवा मोजायचं गेज, व्होल्टमीटर, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, आणि गाडीखाली शिरायला जुनी चटई. अंगावर मळले तरी चालतील असे कपडे हवेत. चांगला शर्ट घालून गेलेला माणूस गाडीखाली शिरत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

शक्य असेल तर ज्याला ती कॅराव्हॅन अजिबात नको आहे असा एक मित्र बरोबर घ्या.

टप्पा ४: कागद आणि काच

कॅराव्हॅनला मोटारीसारखं सरकारी नोंदणीपत्र नसतं. ब्रिटनमध्ये १९९२ पासून क्रिस नावाची नोंदणी आहे. तिच्यात प्रत्येक कॅराव्हॅनला सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो चासीवर असतो आणि खिडक्यांच्या काचांवरही कोरलेला असतो.

१. चासीवरचा क्रमांक वाचा.
२. प्रत्येक खिडकीवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून बघा. एखादी खिडकी बदललेली असू शकते, पण त्याचं कारण विचारा.
३. तोच क्रमांक कागदावर आहे का, आणि कागदावरचं नाव-पत्ता समोरच्या माणसाचाच आहे का, ते बघा.
४. फी भरून क्रिसची तपासणी करा. ती चोरीची आहे का, विमा कंपनीने भंगारात काढलेली आहे का, तिच्यावर कर्ज थकलं आहे का, हे त्यातून कळतं.

*सावधान:* कुठल्याही खिडकीवर क्रमांक खरवडल्याची खूण दिसली तर कारण ऐकत बसू नका. आपली मोटार काढा आणि घरी या. आणि क्रिसच्या कागदावर नाव असणं हा मालकीचा पुरावा होत नाही, त्यामुळे मूळ खरेदीची पावतीही मागा.

टप्पा ५: ओल

इथे घाई नको. निदान पाऊण तास द्या.

या काळातली बहुतेक कॅराव्हॅन म्हणजे लाकडी चौकट, बाहेरून ऍल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा थर आणि आतून पातळ प्लायचा तक्ता. पत्रे जिथे जुळतात त्या सांध्यांत लवचीक लांबी (पुट्टी) भरलेली असते. दहा-बारा वर्षांत ती सुकते, आक्रसते आणि केसाएवढी फट पडते. पाणी आत शिरून लाकडात मुरतं. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आतून तक्ता गुळगुळीत राहतो, मधलं लाकूड मात्र भिजलेल्या बिस्किटासारखं होतं. कोकणातल्या घरात वाळवी दाराची चौकट पोखरते, तेव्हा रंग शाबूत असतो. तसंच हे.

*बाहेरून सुरुवात.* शिडीवर चढून छतालगतची ऑनिंगची पट्टी टोकापासून टोकापर्यंत बघा. स्क्रू गंजलेत का? लांबीला भेगा आहेत का? पट्टीच्या कडेने पांढरं सिलिकॉन बोटाने फासलेलं दिसलं तर समजा की गळती झाली होती आणि कुणीतरी वरवरचा मुलामा दिला आहे. खरी दुरुस्ती म्हणजे पट्टी काढायची, जुनी लांबी खरवडायची आणि न सुकणारी नवी लांबी भरून पट्टी पुन्हा बसवायची.

मग पत्र्याकडे तिरक्या उजेडात बघा. पुटकुळ्यांसारखे बारीक फुगवटे किंवा पांढरी पूड दिसली तर मागचं ओलं लाकूड आतून पत्रा खात आहे. पुढच्या-मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलला केसासारखे तडे आहेत का, दिव्यांच्या आणि हातधरणीच्या कडा सुटल्यात का, तेही तपासा.

*मग आत.* दार उघडून आत शिरा, दार लावा आणि नाकाने श्वास घ्या. पहिल्या मिनिटाचा वास खरा, नंतर नाक सरावतं. आंब्याचा, लॅव्हेंडरचा, कसलाही घमघमाट आला तर संशय वाढवा.

आता अंगठा वापरा. पुढच्या खिडकीखाली, चारही उभ्या कोपऱ्यांत वरपासून खालपर्यंत, छतावरच्या झडपेभोवती, चाकाच्या कमानीजवळ, कपड्यांच्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात आणि पलंगाखालच्या खणांत दाबत जा. तक्ता टणक लागला पाहिजे. मऊ लागला, कुरकुरला, कागद लाटेसारखा सुरकुतलेला दिसला किंवा काळे ठिपके दिसले, तर तिथे पाणी आहे किंवा होतं. उश्या-गाद्या उचलून खण रिकामे करायला सांगा. "तिथे सामान आहे हो" असं उत्तर आलं तर मुद्दाम तिथेच बघा.

शेवटी मीटर. आधी परवानगी घ्या, कारण टोच्यांची बारीक भोकं पडतात. आडोशाला, कपाटाच्या आत टोचा. ढोबळ हिशेब असा:

- १५ टक्क्यांपर्यंत: ठीक.
- १५ ते २०: लक्ष ठेवा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजा.
- २० ते ३०: पाणी शिरतंय. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.
- ३० च्या वर: आतलं लाकूड बहुधा कुजलं आहे.

एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नका. आत धातूची पट्टी आली तर मीटर भलतंच दाखवतो, आणि दमट हवेत सगळीकडेच आकडा थोडा चढतो. गाडीच्या मध्यावर, कोरड्या जागी आधी मोजा, मग कोपऱ्यांशी तुलना करा. सगळीकडे बारा आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात अठ्ठावीस, तर उत्तर मिळालं.

आमच्या एका स्नेह्यांनी अशाच एका कोपऱ्याला "थोडीशी ओल आहे, सुकेल" म्हणून गाडी घेतली. कारागिराने तक्ता उघडला तेव्हा खिडकीखालचं लाकूड चमच्याने काढण्याइतकं मऊ झालं होतं. बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेलं. ओल आपोआप सुकत नाही, कारण पाणी यायची वाट उघडीच असते.

टप्पा ६: जमीन आणि गाडीखालचा भाग

आत चालताना बूट काढून चाला. दारापाशी, ओट्यासमोर आणि सोफ्यांच्या मधे सावकाश टाच दाबा. जमीन प्लाय, फोम, प्लाय अशी चिकटवलेली असते. थर सुटले की ती गादीसारखी दबते आणि चरचर आवाज येतो. एवढं एकच दुखणं असेल तर घाबरू नका. भोकं पाडून आत रेझिन सोडून ती पुन्हा चिकटवता येते, फक्त भाव करताना धरा. पण जमीन कडेला, भिंतीलगत मऊ असेल तर ते थर सुटणं नव्हे, ती कुजण्याची खूण आहे.

आता चटई टाकून खाली डोकवा. कोपऱ्यांतले चार पाय जॅकसारखे वापरून त्यांच्यावर गाडी उचललेली नसावी आणि तुम्हीही उचलू नका. ते फक्त गाडी स्थिर ठेवायला असतात. तळाच्या प्लायच्या कडा स्क्रू-ड्रायव्हरने हलके टोचून बघा. सगळ्या तळाला कालच काळा रंग मारल्यासारखा दिसत असेल तर का मारला, ते विचारा.

चासी गॅल्व्हनाइज्ड असते, त्यामुळे ती सहसा टिकते. ऍक्सलचं मात्र बघायलाच हवं. त्यात स्प्रिंग नसते, नळीच्या आत दाबलेले रबराचे दांडे असतात, आणि रबर वर्षानुवर्षांत बसतं. सपाट जागेवर उभं राहून दोन्ही चाकांच्या वरची कमानीपर्यंतची फट मोजा. ती एका बाजूला कमी असेल किंवा चाकं कमानीत शिरल्यासारखी दिसत असतील, तर ऍक्सल थकला आहे. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

टप्पा ७: टायर, ब्रेक, कपलिंग

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅराव्हॅन वर्षात चार वेळा रस्त्यावर येते, तिचा टायर झिजण्याआधी वयाने मरतो. बाजूला चार अंकी आकडा शोधा: ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. पाच वर्षांनंतर बदलायचा विचार, सातच्या पुढे वापरायचा नाही. स्टेपनीचाही आकडा बघा, ती बहुधा गाडीच्याच वयाची निघते. किमतीत नव्या टायरांचा खर्च धरून चाला.

पुढच्या दांड्यावर, मोटारीला जोडतात त्या बाजूने, जोर लावून ढकला. तो दबून, अडखळत आत गेला पाहिजे आणि हळूहळू बाहेर आला पाहिजे. सहज आत-बाहेर झाला तर आतला डॅम्पर (धक्के शोषणारा भाग) गेला. जागचा हललाच नाही तर गंजून अडकला आहे. मग हँडब्रेक उभा ओढून गाडी पुढे ढकला, हलता कामा नये. मागे ढकलताना ती थोडी सरकते आणि मग पकडते. ती तिची रचनाच आहे, दोष नव्हे.

कपलिंगमध्ये, म्हणजे मोटारीमागच्या गोळ्यावर बसणाऱ्या जोडणीत, स्टॅबिलायझर (गाडीचं डुलणं रोखणारी सोय) असेल तर आतले घर्षणाचे पॅड किती उरलेत ते बघा. अशा कपलिंगला मोटारीच्या गोळ्यावर ग्रीस चालत नाही, गोळा कोरडा आणि स्वच्छ हवा. विक्रेत्याने गोळ्यावर ग्रीस थापलेलं दिसलं तर पॅडही तेलकट झाले असणार.

*तपासा:* सर्व्हिसच्या पावतीवर चाकाच्या मधले मोठे नट नवे घातल्याची नोंद आहे का? अल-को कंपनीच्या बहुतेक ऍक्सलवर ब्रेकचा ड्रम काढला की ते नट फेकून नवे घालायचे असतात. नोंद नसेल तर ब्रेक उघडलेच नव्हते, किंवा जुनेच नट पुन्हा आवळले.

टप्पा ८: गॅस, वीज, पाणी

गॅसची रबरी नळी हातात घेऊन तिच्यावर छापलेलं वर्ष वाचा. भेगा असतील किंवा वर्ष जुनं असेल तर नवी घालायची, ती स्वस्त आहे. जोडांवर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघा. काडी पेटवून तपासणारा शूर मनुष्य भेटला तर त्याच्यापासून लांब उभे राहा. जमिनीतली गॅस बाहेर जायची भोकं थंडीसाठी बुजवलेली असतील तर ती मोकळी झालीच पाहिजेत. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साठतो.

शेगडी निळ्या ज्योतीने जळली पाहिजे. हीटर स्वतः पेटवायला लावा. जुन्या गाड्यांत कार्व्हरचा हीटर असतो. ती कंपनी या धंद्यातून केव्हाच गेली, सुटे भाग शोधावे लागतात. चालू असेल तर उत्तम, बंद असेल तर "छोटं काम आहे" यावर विश्वास नको.

फ्रिजमध्ये हात घाला, आत गार असायला हवं. मग तो घरच्या विजेवर करून बघा. बारा व्होल्टवर तो फक्त मोटारीचं इंजिन चालू असतानाच चालतो, त्यामुळे बॅटरीवर चालत नाही म्हणून दोष काढू नका. बॅटरीला व्होल्टमीटर लावा: भरलेली सुमारे १२.७ दाखवते, १२ च्या आसपास आली तर रिकामी. मोटारीला जोडून मागचे सगळे दिवे एकेक करून बघा. जुन्या गाडीला सात पिनांचे दोन प्लग असतात, नव्या मोटारीला तेरा पिनांचं एक सॉकेट. जोडणारा ऍडॅप्टर मिळतो.

पाणी भरून पंप चालू करा. हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलेली गाडी नळ आणि गरम पाण्याच्या टाकीपाशी फुटते, आणि ते पाणी सुरू केल्यावरच दिसतं. पाणी नसताना टाकीचा हीटर लावू नका. टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) बाहेर काढून झडप उघड-बंद करा. हे काम सगळे टाळतात, मग पहिल्या सहलीत गाडीत काय होतं ते सांगायला नको.

टप्पा ९: आता सोफा

आता बसा. मुलांना बंकवर चढू द्या. कपाटांच्या बिजागऱ्या, पडदे, खिडक्यांच्या दोन थरांत साठलेली वाफ आणि तडे बघा. खिडकी फुटलेली असेल तर त्या मॉडेलची मिळते का, ते आधी शोधा. बंद पडलेल्या मॉडेलच्या खिडक्या वापरलेल्या भागांच्या बाजारातच मिळतात. घरचा कुकर शेगडीवर नीट बसतो का, हेही बघून घ्या. कॅराव्हॅनच्या शेगड्या चिमुकल्या असतात, आणि फोडणीचा धूर छतावरची झडप उघडल्याशिवाय जात नाही.

भाव करताना वहीतली यादी समोर ठेवा: टायर, बॅटरी, पट्टीत भरायची लांबी, सर्व्हिस. प्रत्येकापुढे आकडा लिहा. "थोडं कमी करा ना" यापेक्षा ही यादी इंग्रज विक्रेत्याला लवकर पटते. पैसे बँकेतून, तेही गाडी समोर असताना. पावतीवर गाडीचा क्रमांक, दोघांची नावं, पत्ते आणि तारीख.

टप्पा १०: घरी आणताना

घेतली त्याच दिवशी ओढून आणायची असेल तर निघण्यापूर्वी हा क्रम:

१. टायरची हवा आणि चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने. साधारण तीस मैलांनी थांबून बोल्ट पुन्हा.
२. गॅस टाकीपाशी बंद. फ्रिजचं दार, खिडक्या आणि छताची झडप बंद.
३. कपलिंग बसल्याची खूण दिसली की पुढचं चाक खाली ठेवूनच दांडा वर उचलून बघा. मोटारीची मागची बाजू वर आली तर ते नीट बसलं आहे.
४. सुटल्यास ब्रेक लावणारी बारीक तार मोटारीला अडकवा. हीच सर्वाधिक वेळा विसरली जाते.
५. प्लग जोडा, दिवे बघा. मागे तुमच्याच मोटारीच्या क्रमांकाची पिवळी पाटी लावा.
६. चारही पाय वर, पुढचं चाक वर आणि घट्ट, हँडब्रेक खाली. वाढीव आरसे लावा.

मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०. तीन किंवा जास्त पट्ट्यांच्या मोटरवेवर अगदी उजवी पट्टी तुम्हाला बंद. गाडी मागून सापासारखी डुलू लागली तर ऍक्सिलरेटरवरून पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

घरी आणली की पहिल्या जोराच्या पावसानंतर मीटर घेऊन तेच कोपरे पुन्हा मोजा आणि आकडे तारखेसह कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.